हसू कुणाच्या नजरेनं जोखायचं?

१९९९ मध्ये व्हिन्सेंट कोकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हसऱ्या तोंडांचे फोटो घेऊन त्यांत संगणकावर मुद्दाम बारीकसारीक बिघाड केले. एका वेळी एकच बिघाड, तोही थोडा थोडा वाढवत नेलेला. मग ते फोटो तीन गटांपुढे ठेवले: दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, नेहमीचे डेंटिस्ट आणि दंतवैद्यकाशी काही देणंघेणं नसलेली माणसं. प्रत्येकानं ते हसू कितपत छान वाटतं ते सांगायचं होतं.

वरच्या दोन मधल्या दातांमधली रेघ एका बाजूला सरकवत नेली, तेव्हा ती चार मिलिमीटर सरकल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टना खटकली. बाकीच्या दोन्ही गटांना चार मिलिमीटरलाही काही वाटलं नाही. पुढच्या मधल्या दाताची रुंदी साधारण साडेआठ मिलिमीटर असते, म्हणजे जवळजवळ अर्धा दात सरकला तरी लोकांचं मत बदललं नाही. हसताना दातांच्या वर दोन मिलिमीटर हिरडी दिसू लागली की ऑर्थोडॉन्टिस्ट ते हसू खालच्या पायरीवर ठेवत; इतरांना त्यासाठी चार मिलिमीटर लागले. दोन दातांच्या मधे हिरडीपाशी जी काळी त्रिकोणी फट राहते, ती ऑर्थोडॉन्टिस्टना दोन मिलिमीटरला दिसली, डेंटिस्टना आणि लोकांना तीनला. मधल्या दाताशेजारचा दात अरुंद करत नेला तर दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांना तीन मिलिमीटरला कळलं, लोकांना चारला. एका बाबतीत मात्र तिन्ही गटांचं एकमत झालं. पुढचे दात दोन मिलिमीटर कलले की सगळ्यांनाच खुपले.

हा अपवाद मला फार बोलका वाटतो. सरळ बाजूला सरकलेली रेघ ओळखायची तर आधी चेहऱ्याचा मध्य कुठे आहे ते ठरवावं लागतं, आणि माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. नाक किंचित वळलेलं असतं, एक भुवई वर असते, हसताना ओठाचा एक कोपरा जास्त उचलला जातो. बघणाऱ्याला पक्की उभी रेषा मिळतच नाही. कललेल्या दाताला मात्र शेजारचा सरळ दातच उघडं पाडतो. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये माणसं तपासली, तेव्हा वरच्या दातांची मध्यरेषा वरच्या ओठाच्या मध्याशी नेमकी जुळणारी माणसं साधारण ७० टक्के निघाली. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्यरेषा एकमेकींशी न जुळणारी माणसं तर जवळजवळ तीन चतुर्थांश होती. ओठापासून खालच्या दातांपर्यंत एकाच ओळीत येणारी, पुस्तकातली आखीव मध्यरेषा बहुसंख्य तोंडांत नसतेच, आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

सामान्य माणसाला काहीच दिसत नाही, असाही याचा अर्थ नाही. कोकिच यांच्याच वर्षी, १९९९ मध्ये, जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या मध्यापासून दातांची मध्यरेषा सरकवून पाहिली. दोन मिलिमीटरच्या फरकाला ऑर्थोडॉन्टिस्टनं कमी गुण देण्याची शक्यता ८३ टक्के होती, सामान्य माणसानं देण्याची ५६ टक्के. फोटो कसा दाखवला, काय विचारलं, बघणारा कोण, यावर आकडे हलतात. हसताना गालाच्या आतल्या बाजूला दिसणाऱ्या काळ्या पोकळीबद्दल तर २००५ मध्येच दोन अभ्यासांनी उलटसुलट निष्कर्ष काढले: एकात लोकांना ती पोकळी नकोशी वाटली, दुसऱ्यात लोकांना तिनं काही फरक पडला नाही. तरीही या सगळ्या संशोधनातून फरकाची जी दिशा दिसते ती बहुतेक सारखीच आहे. शिकलेली नजर लवकर अडखळते, न शिकलेली उशिरा.

यातून निघणारा प्रश्न फक्त दंतवैद्यकापुरता नाही. तोंडातली एखादी गोष्ट ‘दुरुस्त करण्याजोगी’ आहे असं ठरवण्याचा अधिकार कुणाचा? ज्याला ती सगळ्यात आधी दिसते त्याचा, असं आजवर आपण गृहीत धरत आलो. मला हे मान्य नाही. रोगाच्या बाबतीत तज्ज्ञाचा शब्द शेवटचा असावा. पण जिथे दात निरोगी आहे, चावता येतं, बोलता येतं आणि प्रश्न फक्त दिसण्याचा आहे, तिथे तज्ज्ञाची नजर हे एक मत आहे. आणि संशोधनच सांगतं की हे मत ज्या लोकांमध्ये ते हसू वावरणार आहे त्यांच्या मताहून वेगळं असतं. अशा मताच्या जोरावर माणसाच्या मनात आधी नसलेली खंत निर्माण करणं आणि मग ती मिटवण्यासाठी उपचार करणं, हे वैद्यकात बसत नाही.

तज्ज्ञाची नजर बारीक होते याबद्दल माझी तक्रार नाही. ती तशी व्हायलाच हवी. दातांच्या साच्यावर मोजमापं घेत, एक्स-रेवर रेषा आखत, दाताच्या कडेची वक्रता बोटांनी चाचपत वर्षानुवर्षं घालवली की डोळा तयार होतो. अपघातात पुढचा एक दात तुटला आणि त्यावर कॅप बसवायची असेल, तर ज्याला अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळतो तोच डेंटिस्ट हवा आणि त्याच तोलाचा लॅबमधला तंत्रज्ञ हवा. शेजारच्या खऱ्या दाताची लांबी, कडेचा निळसर पारदर्शक पट्टा, हिरडीपाशी गडद होत जाणारा रंग, हे सगळं त्यांनी पाहिलं तरच तो कॅपचा दात तोंडात मिसळून जाईल. बारीक नजर काम करताना हवी. काम काढताना तीच नजर वापरली की घोटाळा होतो.

काम कसं निघतं ते जवळून बघा. माणूस दाढ दुखते म्हणून किंवा नुसते दात साफ करून घ्यायला आलेला असतो. खुर्चीवर आडवा होतो, गाल आणि ओठ बाजूला ओढून धरणारं प्लास्टिकचं साधन तोंडात बसवलं जातं, प्रखर दिवा पाडला जातो, कॅमेरा तोंडापाशी येतो. क्षणात समोरच्या पडद्यावर त्याचे दात येतात, एकेक दात तळहाताएवढा. ओठ नाहीत, डोळे नाहीत, चेहरा नाही. हिरडीची चढउतार, दाताच्या कडेची बारीक झिज, इनॅमलमधल्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक थरातल्या, केसासारख्या रेघा, शेजारच्या दाताहून एक छटा पिवळा असलेला सुळा. आपल्या दातांचं हे रूप त्यानं जन्मात पाहिलेलं नसतं, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या, त्याला नोकरी देणाऱ्या कुणीही ते कधी पाहणार नसतं. तरी पुढचं वाक्य येतं, ‘इथे थोडं करून घेतलंत तर छान होईल.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. पुष्कळदा त्याला खरोखरच ते खटकलेलं असतं. पण माणूस घरी जातो तो एक नवी खोड घेऊन. दुसऱ्या दिवसापासून तो आरशात हसताना त्या सुळ्याकडे बघतो.

सुळा शेजारच्या दातांपेक्षा पिवळा असणं हे नैसर्गिक आहे, एवढं एक वाक्य त्या वेळी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

सौंदर्याला मापाचा आधार असला की सुचवणाऱ्याचं म्हणणं आणखी वजनदार होतं. सुवर्ण गुणोत्तराचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात लोम्बार्डी आणि लेव्हिन यांच्या लेखनातून ते दंतवैद्यकात रुजलं. समोरून पाहताना मधला दात १.६१८ रुंद दिसला तर शेजारचा १ आणि सुळा ०.६१८ दिसावा, असा तो हिशेब. यासाठी खास मोजपट्ट्या निघाल्या. पुढे १९९३ मध्ये प्रेस्टन यांनी खरी तोंडं मोजली. मधला आणि त्याच्या शेजारचा दात या जोडीत हे गुणोत्तर फक्त १७ टक्के लोकांत सापडलं. शेजारचा दात आणि सुळा यांच्यात ते कुणातच नव्हतं. निसर्गानं आखून दिलेलं म्हणून जे माप पुढे केलं जातं, ते निसर्गात इतकं दुर्मीळ असेल तर त्यावरून एखाद्याच्या निरोगी दाताला चूक ठरवता येणार नाही. नवीन दात घडवताना सुरुवातीचा आराखडा म्हणून ते खुशाल वापरावं.

हिरडी दिसण्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. त्जान आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वीस ते तीस वर्षांच्या ४५४ जणांचं हसू तपासलं. साधारण ६९ टक्के लोकांचं हसू मध्यम होतं, २०.५ टक्के लोकांचे दात कमी दिसत होते आणि १०.६ टक्के लोकांचे पूर्ण दात दिसून वर हिरडीचा पट्टाही दिसत होता. हिरडी दाखवणाऱ्या हसण्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट होतं. दहातल्या एकाचं हसू जर असं असेल, तर त्याला विकृती म्हणताना दहादा विचार करायला हवा. शिवाय ओठ काळाबरोबर खाली उतरतो. विग आणि ब्रुंडो यांनी १९७८ मध्ये ओठ सैल असताना वरचे पुढचे दात किती दिसतात ते वयोगटांनुसार मोजलं होतं. तिशीच्या आत सरासरी सुमारे ३.४ मिलिमीटर, तिशीत दीडच्या आसपास, चाळिशीत एक मिलिमीटरहून कमी आणि साठीनंतर जवळपास शून्य. विशीत जास्त वाटणारं दर्शन पुढे आपोआप कमी होत जातं. विसाव्या वर्षी कापलेली हिरडी आणि हाड मात्र पन्नासाव्या वर्षी परत आणता येत नाहीत. या वयाच्या मुलीला तिच्या हिरडीबद्दल काही सांगायचं असेल तर हे आकडेही त्याच बैठकीत सांगितले गेले पाहिजेत.

परत आणता न येण्याचा मुद्दा माझ्या मते या वादाचा कणा आहे. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येण्याआधीच नाहीशा होतात, त्यामुळे गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही. पुढच्या दातांवर ते हिरडीपाशी जेमतेम तीन-चार दशांश मिलिमीटर असतं आणि टोकाकडे एक मिलिमीटरच्या आसपास. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये पुढच्या दातांवरच्या वेगवेगळ्या कामांसाठी किती दात घासावा लागतो ते वजन करून पाहिलं. व्हिनिअरसाठी, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ कवचासाठी, हिरडीबाहेरच्या दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो. पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. निरोगी दाताचा दोन तृतीयांश भाग घासून टाकायचा, कशासाठी, तर शेजारच्या माणसालाही न दिसणाऱ्या वळणासाठी. त्यावर बसवलेलं पोर्सेलिन जन्मभर टिकत नाही; कधीतरी ते बदलावं लागतं, आणि दर वेळी थोडा आणखी दात जातो, कधी आतल्या नसेपर्यंत पोचून रूट कॅनाल करावं लागतं. पंचविशीत घेतलेला निर्णय म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं देखभालीचं वेळापत्रक असतं. हे सगळं माहीत असूनही कुणी ते निवडलं तर तो त्याचा अधिकार आहे. माहीत नसताना निवडलं तर जबाबदारी सांगणाऱ्याची.

आता दुसरी बाजू. सामान्य माणसाची नजर भरड असते म्हणून ती दयाळू असते, असा समज करून घेणं चुकीचं ठरेल. मिलिमीटर तिला कळत नाहीत, पण जे कळतं त्याचा निकाल ती फार कठोरपणे लावते. विल्यम शॉ यांनी १९८१ मध्ये मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो घेऊन फक्त दात बदलले: कधी नीट, कधी पुढे आलेले, कधी एकावर एक चढलेले, कधी मधल्या दाताशेजारचा एक नसलेला. चेहरा तोच. नीट दात असलेला चेहरा लोकांना जास्त देखणा वाटला, मैत्री करावीशी वाटला, आणि जास्त हुशारही वाटला. पुढे आलेल्या दातांवरून वर्गात टोपणनाव पडलेल्या मुलाला ‘आतून सुंदर असावं’ हे ऐकवून काही मिळत नाही. त्याला तारा हव्या असतात, आणि त्या मिळाल्या पाहिजेत. तिथे आरोग्याचं कारणही असतं: वरचे दात खालच्यांपेक्षा तीन मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर पडल्या-धडपडल्यावर ते दुखावण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

म्हणून लोकांच्या नजरेला मोजमापात जागा देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचं मला मोल वाटतं. १९८६ मध्ये तयार झालेला डेंटल एस्थेटिक इंडेक्स, म्हणजे दातांच्या दिसण्याचा निर्देशांक, पाहा. दातांच्या दोनशे वेगवेगळ्या ठेवणींवर लोकांनी दिलेली मतं घेऊन, त्यांवरून कोणत्या शारीरिक मापाला किती वजन द्यायचं हे ठरवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ च्या आपल्या तपासणी पद्धतीत तो घेतला. ब्रिटनमध्ये १९८९ साली आलेल्या उपचार-गरज निर्देशांकाचे दोन भाग आहेत, एक आरोग्याचा आणि एक दिसण्याचा. दिसण्याच्या भागात दहा फोटो उतरत्या क्रमानं लावलेले असतात, आणि ते ज्या मापनपट्टीवरून आले ती बनवताना दंतवैद्यकाबाहेरच्या परीक्षकांकडून फोटोंना गुण घेतले होते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आरोग्याच्या भागात मधली, म्हणजे तिसरी श्रेणी आली तर मुलाला मोफत उपचार मिळणार की नाही हे दिसण्याच्या आकड्यावर ठरतं: सहा किंवा त्याहून पुढे असेल तर हो. सार्वजनिक पैसा कुठे खर्च व्हावा याचा निर्णय सामान्य माणसाच्या डोळ्याशी जोडला गेला, ही मोठी गोष्ट आहे.

तरीही तिच्यात एक पोकळी राहिली. त्या दहा फोटोंपैकी ‘तुझे दात कुणासारखे’ हे बहुतेक वेळा डॉक्टर ठरवतो. मुलांना स्वतःला विचारलं तर ती पुष्कळदा स्वतःला डॉक्टरांपेक्षा बऱ्या क्रमांकावर ठेवतात. लोकांची सरासरी पट्टीत आली, ज्याचं तोंड आहे तो पट्टीबाहेरच राहिला.

आणि ज्याचं तोंड आहे त्याला उपचारानं नेमकं काय मिळतं? वेल्समध्ये १९८१ साली अकरा-बारा वर्षांच्या १,०१८ मुलांची नोंद करून त्यांचा वीस वर्षं मागोवा घेतला गेला. शेवटच्या फेरीत ३३७ जण सापडले. लहानपणी गरज असताना ज्यांनी उपचार घेतले त्यांचे दात जास्त सरळ होते, आणि दातांबद्दल ती माणसं जास्त समाधानी होती. पण मुळातला आत्मसन्मान हिशेबात धरल्यावर मोठेपणीच्या मानसिक आरोग्यावर आणि जगण्याच्या समाधानावर त्या उपचाराचा फारसा परिणाम दिसला नाही. दात सरळ केल्यानं दात सरळ होतात. ‘आत्मविश्वास बदलेल, आयुष्य बदलेल’ असं वचन देऊन उपचार विकणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचायला हवा. मला यातून उपचार फोल आहेत असं म्हणायचं नाही. समाधान हेही खरं फळ आहे. पण वचन तेवढ्याचंच द्यावं.

लोकांची नजर स्थिर राहिलेली नाही, याची काळजी मला जास्त वाटते. आपलं हसू आपल्यालाच दिसत नसे. ते समोरच्यासाठी असायचं. आता बोलता बोलता स्वतःचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात चालू असतो. फोटो दोन बोटांनी मोठा करता येतो. फोनमध्ये पाहताना चेहरा आरशासारखा दिसतो आणि साठवलेल्या फोटोत पुष्कळदा उलटा होतो, त्यामुळे दातांची जी मध्यरेषा आजवर एका बाजूला होती ती अचानक दुसऱ्या बाजूला जाते आणि माणूस दचकतो. क्लिनिकमधली ती ओठ-डोळे नसलेली नजर प्रत्येकाच्या खिशात येऊन बसली आहे. रंगाचंही तेच. दातांच्या रंगांच्या नेहमीच्या पट्टीत सोळा छटा असतात आणि त्या खऱ्या दातांवरून बांधलेल्या आहेत. ब्लीचिंगची चाल वाढल्यावर त्या सोळांपेक्षा पांढऱ्या छटा वेगळ्या आणाव्या लागल्या. आतलं डेंटिन वयानुसार जाड आणि गडद होतं, वरचं इनॅमल झिजून पातळ होतं, म्हणून दात पिवळसर होत जातो. हा वार्धक्याचा साधा क्रम आहे, तोच आज अस्वच्छता म्हणून वाचला जातो.

हे असंच चालू राहिलं तर पुढच्या प्रयोगांत लोकांचे आकडे तज्ज्ञांच्या जवळ सरकतील, आणि मग म्हटलं जाईल की बघा, लोकांनाही हेच हवं आहे. आधी नजर घडवायची आणि मग तिचा कौल पुरावा म्हणून दाखवायचा, हे मला मंजूर नाही.

या सगळ्या प्रयोगांची मर्यादाही इथेच सांगायला हवी. ते गोठलेल्या फोटोवर होतात. बघणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं की हसण्याला गुण द्यायचे आहेत, म्हणजे तो दातांकडे बघणार हे ठरलेलं. खरं हसू क्षणभर उमटतं, ओठ हलत असतात, डोळे आकसतात, आवाज येतो. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे उचलणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही काम करतो, आणि तो मुद्दाम हलवणं फार अवघड. माणूस आपल्यावर खरंच खूश आहे का हे आपण तिथे वाचतो. तोंडाच्या चौकटीत कापलेल्या फोटोत हा अर्धा भाग नसतोच. म्हणून लोकांना चार मिलिमीटर दिसले नाहीत असं फोटो सांगत असेल, तर समोरासमोरच्या गप्पांत ते आणखी कमी दिसत असतील, असं मानायला मला तरी जागा दिसते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. तज्ज्ञाला खटकणारी गोष्ट नुसती दिसण्याची असेलच कशावरून? पुढच्या दातांची कड एका बाजूला उतरती असेल तर जबड्याची वाढ असमान असू शकते. कडा सपाट झाल्या असतील तर माणूस झोपेत दात खात असेल. हिरडी एका दातावरून वर सरकली असेल तर तिथलं हाड कमी होत असेल. दोन दातांत नव्यानं फट पडत असेल तर हिरड्यांचा आजार बळावला असेल. हे सगळं खरं आहे, आणि हे सांगणं डॉक्टरचं कर्तव्यच आहे. पण मग ते तसंच सांगावं: हा आजार आहे, याचा पुरावा हा, काही केलं नाही तर अमुक होईल. ‘काही केलं नाही तर काय होईल’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती सूचना आरोग्याच्या यादीत लिहिली जाऊ नये. दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत, एकाच सुरात आल्या की माणसाला फरक कळत नाही.

दुसरा आक्षेप असा की पेशंट स्वतःच मागतात, त्यांना नाही कसं म्हणायचं? मागणाऱ्याला नाही म्हणा असं माझं म्हणणं नाही. प्रौढ माणसाला आपले दात अधिक पांढरे हवेत तर त्यानं ते करून घ्यावं. मात्र निरोगी दात घासावा न लागणारे उपाय आधी यावेत. दात सरळ करणं, ब्लीचिंग, न घासता चिकटवता येणारं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण), किंवा दाताला हात न लावता आकाराचा तात्पुरता नमुना बसवून काही दिवस घरी वावरून पाहणं. त्या नमुन्यासह माणूस आपल्या माणसांत हसेल, बोलेल, आणि त्याला हवं होतं ते हेच का हे त्याला कळेल. आणि न दिसणाऱ्या दोषानं जो दिवसरात्र पछाडलेला आहे, एक दात झाला की दुसऱ्याकडे वळतो आहे, त्याला ड्रिलआधी मनाच्या डॉक्टरांची गरज असू शकते, हे ओळखण्याचं शिक्षण प्रत्येक डेंटिस्टला मिळालं पाहिजे.

बदल करायचे तर ते तपासणीच्या क्रमापासून करावेत. तोंडात काहीही घालण्याआधी, माणूस खुर्चीवर सरळ बसलेला असताना, गप्पांच्या अंतरावरून विचारावं: तुमच्या दातांबद्दल, हसण्याबद्दल तुम्हाला स्वतःला काही खुपतं का? जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. ‘नाही’ आलं तर दिसण्याचा विषय तिथे संपावा, आणि मोठा केलेला फोटो फक्त किडीसाठी, हिरडीसाठी, झिजेसाठी वापरावा. ‘हो’ आलं तर आरसा हातभर अंतरावर धरून त्यालाच दाखवू द्यावं, कुठे. पुष्कळदा तो जे दाखवतो ते डॉक्टरच्या यादीत पहिल्या पाचातही नसतं. संमतिपत्रकात निरोगी दाताचा किती भाग जाणार, हे काम किती वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं आणि काहीच न केल्यास काय होईल, हे तीन रकाने सक्तीचे असावेत. डेंटल कॉलेजांत सौंदर्याचे गुणोत्तर शिकवताना कोकिच आणि जॉन्स्टन यांचे आकडेही त्याच तासाला शिकवावेत, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःची नजर कुठे आणि किती वेगळी झाली आहे ते कळेल. त्याच्या कामाचं मूल्यमापन करणाऱ्यांमध्ये एक-दोन बाहेरची माणसंही बसवावीत. तो पूर्ण केलेल्या केसचे फोटो दाखवेल तेव्हा त्यांतला एक तरी फोटो संपूर्ण चेहऱ्याचा असावा, डोळ्यांसकट.